ऑक्सिजन शोषक पुड्या विकणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

खाद्यपदार्थाच्या पाकिटात ऑक्सिजन शोषणारी छोटी पुडी टाकतात, आणि असा पुडी टाकलेला माल मुदतीआधीच खवट झाला, की ठरलेली टोलवाटोलवी सुरू होते. पुडीवाला म्हणतो पिशवी हलकी वापरली, पिशवीवाला म्हणतो सील नीट बसलं नाही, आणि पॅक करणारा पुढच्या बॅचला तिप्पट मोठी पुडी टाकून मोकळा होतो. कधीकधी त्या तिप्पट पुडीने वेळ निभावूनही जाते आणि मग मूळ बिघाड कुठे होता ते कुणी शोधतच नाही. म्हणून हे पत्र दोघांना आहे : जे पुड्या आणि पिशव्या विकतात त्यांना, आणि जे त्या रोज हाताळतात त्यांना. आमचं म्हणणं असं, की पुडीचा आकडा अंदाजाने ठरवायची काहीच गरज नाही. पाकिटात हवा किती आहे, पिशवीतून रोज आत झिरपते किती आणि पदार्थात ओलावा किती, एवढं कळलं तर अर्ध्या पानात हिशेब मांडता येतो. आज हे तिन्ही आकडे एका जागी सापडत नाहीत, आणि त्याला दोन्ही बाजू जबाबदार आहेत.

पुडीत असते लोखंडाची बारीक भुकटी, थोडं मीठ, आणि पाणी धरून ठेवणारं काहीतरी : झिओलाइट, व्हर्मिक्युलाइट, सक्रिय कोळसा वगैरे. लोखंड गंजतं आणि गंजताना ऑक्सिजन ओढून घेतं. मिठामुळे गंज झपाट्याने चढतो. पाणी नसेल तर मात्र तो चढतच नाही, आणि पुढे बऱ्याच ठिकाणी हेच नडतं. १ ग्रॅम लोखंड पूर्ण गंजलं तर सुमारे ३०० सीसी ऑक्सिजन घेतं. प्रत्यक्षात प्रत्येक कण आतपर्यंत गंजत नाही, म्हणून पुडीत लोखंड त्याहून जास्त भरलेलं असतं. जपानच्या मित्सुबिशी गॅस केमिकल कंपनीने १९७७ मध्ये ‘एजलेस’ या नावाने अशा पुड्या बाजारात आणल्या आणि आजही बहुतेक पुड्यांचं मूळ रसायन तेच आहे. सगळं नीट जुळलं तर पाकिटातला ऑक्सिजन ०.१ टक्क्याच्या खाली येतो. नुसत्या व्हॅक्यूमने किंवा नायट्रोजन सोडून सहसा अर्धा ते दोन टक्के उरतोच, आणि तेलकट पदार्थ खवट व्हायला तेवढा पुरतो.

आता आकड्यांकडे येऊ. पुडीवर ‘३०० सीसी’ लिहिलेलं असतं ते ऑक्सिजनचं माप. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, तेव्हा ३०० सीसीची पुडी सुमारे १४०० सीसी हवा निस्तरते. काहीजण हा आकडा पाकिटाच्या आकारमानाचा समजतात आणि गरजेच्या पाचपट पुडी घेतात. काहीजण पदार्थाच्या वजनावर जातात, ‘अर्धा किलोला १००ची’. नुसत्या वजनावरून इथे काही ठरत नाही. एकाच वजनाचे दोन पदार्थ, एक भुकटी आणि एक कुरकुरीत फुगीर, सारख्याच पाकिटात भरले तर आतली मोकळी हवा दुपटीने वेगळी असू शकते.

हवा मोजायची रीत सोपी आहे. नेहमीसारखं भरून सील केलेलं पाकीट काठोकाठ पाणी भरलेल्या भांड्यात पूर्ण बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. समजा १४०० सीसी पाणी सांडलं आणि आतला माल ५०० ग्रॅम आहे. बहुतेक पुडीवाल्यांच्या पत्रकात पुढची पायरी अशी असते : १४०० मधून ५०० वजा, उरली ९०० सीसी हवा, तिच्या २१ टक्के म्हणजे १८९ सीसी ऑक्सिजन. म्हणजे २०० सीसीची पुडी पुरेल.

इथेच गफलत आहे. या वजाबाकीत पदार्थाची घनता पाण्याइतकी धरली आहे. स्टार्चचा भरणा असलेल्या कोरड्या पदार्थाची खरी घनता, म्हणजे दाण्यांमधली हवा सोडून नुसत्या दाण्याची, १.४ च्या आसपास असते. तेव्हा ५०० ग्रॅम माल खरी जागा अडवतो ३५७ सीसी. हवा झाली १०४३ सीसी आणि ऑक्सिजन सुमारे २१९ सीसी. २०० सीसीची पुडी पहिल्याच दिवशी कमी पडली! साखरेचा अंश जास्त असेल तर फरक आणखी वाढतो, कारण साखरेची घनता १.५९ आहे. तेलाचा अंश भरपूर असेल तर घनता पाण्याजवळ येते आणि ती जुनी वजाबाकी चालून जाते. शिवाय केक, पाव, भाजून फुलवलेले पदार्थ यांच्या छिद्रांत अडकलेली हवा हळूहळू बाहेर येते. पहिल्या दिवशी शून्याला टेकलेला ऑक्सिजन तिसऱ्या दिवशी पुन्हा डोकं वर काढतो तो यामुळे. अशा पदार्थांना हिशेबाच्या वर निदान एक चतुर्थांश वाढ धरावी.

नायट्रोजन फ्लशिंग करून, म्हणजे पाकिटातली हवा नायट्रोजनने हुसकून, मग पुडी टाकणारे कमी आहेत, पण हिशेब त्यांच्या बाजूने आहे. वरच्याच पाकिटात फ्लशिंगने ऑक्सिजन २ टक्क्यांवर आणला तर उरतो सुमारे २१ सीसी. मग ५० सीसीची पुडी पुरते आणि तिची निम्मी ताकद पुढच्या महिन्यांसाठी शिल्लक राहते. पुडीही वेळेत काम संपवते, त्यामुळे ताजा माल पहिले दोन दिवस ऑक्सिजनमध्ये बसून राहत नाही.

हवेचा हिशेब सुटला, तरी खरा घात पिशवी करते. प्लॅस्टिक दिसायला सलग असलं तरी ऑक्सिजन त्यातून आरपार जातो. किती जातो याचं माप म्हणजे ओटीआर : एका चौरस मीटरमधून, एका दिवसात, एका वातावरणाच्या दाबाला किती सीसी. ५० मायक्रॉनच्या साध्या एलडीपीईला, म्हणजे नेहमीच्या मऊ पॉलिथिनला, हा आकडा ४००० च्या घरात असतो. १२ मायक्रॉन पीईटीला (पाण्याच्या बाटलीच्या जातीच्या प्लॅस्टिकला) आतून पॉलिथिन लावलं की ११० च्या आसपास. मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा पातळ मुलामा दिलेल्या, पीईटीच्या चांगल्या लॅमिनेटला (एकमेकांना चिकटवलेल्या थरांच्या फिल्मला) १ च्या आगेमागे. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं लॅमिनेट, जोवर त्याला घडीची भोकं पडलेली नाहीत तोवर, जवळपास शून्य.

२० बाय ३० सेंटिमीटरची पिशवी घ्या. दोन्ही बाजू मिळून पृष्ठभाग ०.१२ चौरस मीटर. बाहेर ऑक्सिजनचा दाब ०.२१ वातावरण, आत शून्य. गुणाकार करा. एलडीपीईत रोज सुमारे १०० सीसी ऑक्सिजन आत येतो. ३०० सीसीची पुडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपली. ही पिशवी पुडीसोबत विकणं म्हणजे गळक्या बादलीबरोबर मोठा मग देणं. पीईटी-पॉलिथिनमध्ये रोज २.८ सीसी येतं. आकडा किरकोळ वाटतो, पण सहा महिन्यांत ५०० सीसी होतं, म्हणजे सुरुवातीच्या हवेतल्या ऑक्सिजनच्या दुपटीहून जास्त. मेटलाइज्डमध्ये त्याच सहा महिन्यांत साडेचार सीसी. वरच्या उदाहरणात मेटलाइज्ड पिशवी असेल तर २१९ अधिक साडेचार, म्हणजे ३०० ची पुडी निश्चिंतपणे पुरते. पीईटी-पॉलिथिन असेल तर ७०० च्या वर जावं लागतं. त्यापेक्षा लॅमिनेट बदलणं शहाणपणाचं. आमचा ढोबळ नियम : ओटीआर २० च्या वर असलेल्या पिशवीत पुडी टाकून महिन्यांच्या मुदतीची भाषा करू नये. काही दिवसांत खपणारा माल असेल तर गोष्ट वेगळी.

ऑक्सिजन अडवायला लॅमिनेटमध्ये ईव्हीओएच या प्लॅस्टिकचा थर घालतात, त्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. कोरड्या हवेत हा थर उत्तम अडसर आहे, पण दमटपणात पाणी शोषतो आणि ढिला पडतो. पत्रकावर ओटीआर कोरड्या हवेतला छापलेला असतो आणि पिशवी जाते ओलसर पदार्थाला. म्हणून ओटीआरसोबत कोणत्या तापमानाला आणि किती आर्द्रतेला मोजला ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर तो आकडा धरून हिशेब मांडू नका.

सीलबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि तरी निम्म्या भानगडी तिथेच होतात. भुकटी किंवा तेलाचा फवारा सीलच्या पट्टीवर उडतो. पिशवीच्या तोंडाला एक बारीक सुरकुती राहते आणि सील तिच्यावरून जातं. पुडीचा कोपराच जॉमध्ये, म्हणजे सील करणाऱ्या यंत्राच्या जबड्यात, अडकतो. चार पदरी घडीच्या ठिकाणी, जिथे गसेटच्या (पिशवीच्या बाजूला आत दुमडलेल्या घडीच्या) कडा मधल्या सीलला भेटतात, तिथे प्लॅस्टिक वितळून भरलं नाही तर केसाएवढी नळी उघडी राहते. या नळीचं गणित ओटीआरमध्ये बसत नाही, तिच्यातून हवा सरळ वाहते.

आता तपासणीची एक गोष्ट, जी फार थोडे करतात. ताजी पुडी आत असताना गळती तपासून उपयोग नाही. बारीक गळती असली तरी येणारा ऑक्सिजन पुडी लगोलग गिळत राहते आणि सातव्या दिवशी यंत्र शून्य दाखवतं. पाकीट पास होतं. दीड महिन्याने पुडी संपते आणि ऑक्सिजन चढू लागतो, तोवर माल दुकानात पोचलेला असतो. म्हणून प्रत्येक नव्या लॅमिनेटची किंवा जॉच्या नव्या सेटिंगची पहिली दहा-वीस पाकिटं पुडीशिवाय, नायट्रोजन भरून सील करा. पहिल्या दिवशी ऑक्सिजन मोजा, मग तिसऱ्या, मग दहाव्या दिवशी. ऑक्सिजन मोजायच्या यंत्राच्या सुईने एकदा टोचलेलं पाकीट पुन्हा वापरायचं असेल तर टोचायच्या जागी आधी रबरी ठिगळ लावा, नाहीतर तुम्ही पाडलेलं भोकच मोजत बसाल. आकडा हलला नाही तर पिशवी आणि सील दोन्ही बरे. सगळ्यांचा सारखाच आणि हळू चढला तर फिल्म झिरपते आहे. दोन-चारांचाच झपाट्याने चढला तर सील गळतं आहे. ही पाकिटं पाण्याखाली दाबली, किंवा झाकणबंद टाकीत पाण्याखाली ठेवून वरची हवा ओढली, की बुडबुडे नेमके कुठून येतात ते दिसतं.

पुडी टाकलेल्या पाकिटांचं वाचनही असंच बोलकं असतं. चौथ्या दिवशी सगळ्या पाकिटांत ऑक्सिजन ३ ते ५ टक्क्यांवर अडकला असेल तर पुडी लहान पडली. बॅचच्या सुरुवातीच्या पाकिटांत शून्य आणि शेवटच्या पाकिटांत ४-५ असेल तर पुड्या टेबलावर उघड्या पडून अर्ध्या खर्ची पडल्या. सगळीकडे २० च्या वर असेल तर पुडी सुरूच झालेली नाही, आणि हा प्रकार ओलाव्याकडे नेतो.

पुड्या दोन जातीच्या. एकीत स्वतःचं पाणी असतं. हवा लागली की ती चालू होते, कोरड्या पदार्थालाही चालते. दुसरी कोरडी असते आणि पदार्थातला ओलावा घेऊन चालू होते. तिला पदार्थाची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे त्यातल्या मोकळ्या पाण्याचं शून्य ते एक असं माप, साधारण ०.८५ च्या वर लागते. दोन्ही दिसायला सारख्याच. दुसऱ्या जातीची पुडी कोरड्या मालात टाकली तर ती वर्षभर ठणठणीत राहते आणि माल खवट होतो. पहिल्या जातीची हाताळायला नाजूक, कारण पिशवी फोडली की घड्याळ सुरू. थंडीतही दोन्हींचा वेग मंदावतो. २५ अंशांना एक-दोन दिवसांत होणारं काम फ्रिजच्या तापमानाला कितीतरी लांबतं, तिथे थंडीसाठी बनवलेली पुडीच मागावी.

सिलिका जेल आणि लोखंडाची पुडी एकाच पाकिटात टाकण्याची हौस अनेकांना आहे. ‘ओलावाही जाईल, ऑक्सिजनही जाईल.’ होतं असं की सिलिका जेल आधी पुडीतलंच पाणी ओढून घेतं आणि गंज थांबतो. माल सादळू नये असं वाटत असेल तर तो आधी नीट वाळवा, नीट गार करून भरा, आणि पाण्याची वाफ अडवणारं लॅमिनेट घ्या. उलट बाजूनेही सांभाळावं लागतं. लहानशा पाकिटातल्या अति कोरड्या भुकटीत गरजेच्या दहापट पुडी टाकली तर पुडीतलं पाणी भुकटीत उतरतं आणि पुडीभोवती गाठी धरतात. ‘मोठी टाकली तर बिघडतं काय’ याचं हे एक उत्तर. साखर आणि मिठाला तर पुडीची गरजच नाही. त्यांना ऑक्सिजनने काही होत नाही आणि साखरेचा मात्र दगड होतो.

टेबलावरची शिस्त थोडक्यात. पुड्यांची मोठी पिशवी हातात आली की आधी ती आवळलेली आहे का बघा. आतल्या पुड्यांनी ऑक्सिजन खाल्लेला असतो, म्हणून ती घट्ट बसलेली असायला हवी. सैल, हवा भरलेली पिशवी परत करा. एका वेळी अर्ध्या तासात संपतील तेवढ्याच पुड्या बाहेर काढा, बाकीच्या त्याच क्षणी पुन्हा सील करा. क्लिप किंवा रबर लावून ठेवणं म्हणजे सील नाही. पुडी बोटांत दाबून पाहा : ताजीत भुकटी सुटी सरकते, संपलेलीत ढेकूळ झालेलं असतं. हाताला कोमट लागत असेल तर ती आत्ता, तुमच्या हातातच, काम करते आहे. ताज्या पुड्यांचा उघडा ढीग कागदी कचऱ्यात टाकू नका. गंजताना उष्णता सुटते आणि ढिगाच्या पोटात ती अडकते. पाकिटात दोन पुड्या टाकायच्या असतील तर एकीवर एक नको, दोन टोकांना हव्यात. तेल सुटणाऱ्या मालात तळाशी गाडलेली पुडी तेल पिते, तिच्या कागदाची छिद्रं बुजतात आणि ती आत जिवंत असून उपयोगाची राहत नाही. तेलरोधक आवरणाची पुडी घ्या आणि ती वर ठेवा.

पाकीट विटेसारखं आवळलं नाही म्हणून ओरड करणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. पुडी हवेचा फक्त पाचवा हिस्सा काढते. नायट्रोजन जागच्या जागी राहतो. फ्लशिंग केलेलं पाकीट तर मुळीच आवळत नाही. पाकीट घट्ट की सैल यावरून निकाल देऊ नये. रंग बदलणारी टिकली त्यापेक्षा बरी : ऑक्सिजन ०.१ टक्क्याच्या खाली गेला की गुलाबी, ०.५ च्या वर गेला की निळी. मात्र गुलाबी व्हायला तिला काही तास लागतात, आणि उजेडात व उष्णतेत ठेवली तर तिचा रंगच मरतो. कडक डब्यात पाचवा हिस्सा गेला की बाहेरचा दाब आतल्या दाबापेक्षा ०.२१ वातावरणाने जास्त होतो. १० बाय १० सेंटिमीटरच्या भिंतीवर तो सुमारे २२ किलोचा भार झाला. पातळ प्लॅस्टिकचा डबा आत दबतो, झाकण वाकतं आणि मग तिथूनच गळतो. अशा डब्याला फ्लशिंग करून लहान पुडी, किंवा ऑक्सिजन घेऊन तितकाच कार्बन डायऑक्साइड सोडणारी, अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडवर चालणारी पुडी वापरावी.

अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडच्या पुडीचा आणखी एक फायदा मेटल डिटेक्टरपाशी दिसतो. लोखंडाची पुडी आत असेल तर डिटेक्टर प्रत्येक पाकिटाला ओरडतो. मग कुणीतरी त्याची संवेदनशीलता उतरवतं आणि खरा खिळाही सुटून जातो. डिटेक्टर पुडी टाकायच्या आधी लावा, किंवा लोखंडाशिवायची पुडी घ्या. पाकीट तसंच मायक्रोवेव्हमध्ये जाणार असेल तर साधी लोखंडाची पुडी नको.

यापुढचा भाग जरा कठोर वाटेल. ‘पुडी टाकली की काहीच खराब होत नाही’ असं सांगून या पुड्या विकल्या जातात. हे वाक्य ओल्या पदार्थाच्या बाबतीत जिवावर बेतू शकतं. बुरशीला ऑक्सिजन लागतो, ती थांबते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला ऑक्सिजन नकोच असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातूनही वाचतात. वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी ०.९४ च्या वर, पीएच ४.६ च्या वर (म्हणजे पदार्थ फारसा आंबट नाही) आणि साधं खोलीचं तापमान, एवढं जमलं की ऑक्सिजन नसलेलं पाकीट त्याला सोयीचं घर असतं. त्याचा एक प्रकार तर ३ अंशांनाही वाढतो, म्हणजे नुसता फ्रिज पुरेसा नाही. विष तयार झालेलं असताना पदार्थ फुगेल, वास मारेल याची खात्री नसते. उलट ज्या बुरशीमुळे आणि आंबूस वासामुळे माणूस पाकीट फेकून देतो, त्या खुणा पुडीने पुसून टाकलेल्या असतात. म्हणून ओलसर, आंबट नसलेला पदार्थ पुडीच्या भरवशावर खोलीच्या तापमानाला ठेवायचा नाही, म्हणजे नाही. आधी वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी आणि पीएच मोजून घ्या. ०.८५ च्या वर असेल तर सुरक्षितता दुसऱ्या मार्गाने सिद्ध करा : आंबटपणा, निर्जंतुकीकरण किंवा कडक शीतसाखळी. पुडी त्यानंतर. दीर्घ काळ ठेवायच्या धान्यालाही ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा.

बाकी पुडीला न जमणाऱ्या गोष्टी कमी महत्त्वाच्या, पण तक्रारी त्यांच्याच जास्त. यीस्टला ऑक्सिजन नसला तरी चालतो, गोड ओलसर पदार्थ आंबून पाकीट फुगतं. बुरशीने आधीच सोडलेलं विष पुडीने जात नाही. तेल भरतानाच जुनं असेल तर सुरू झालेला खवटपणा मागे फिरत नाही, पुढची घसरण तेवढी मंदावते. पाणी आणि एन्झाइममुळे येणाऱ्या खवटपणाला तर ऑक्सिजनची गरजच नसते. कुरकुरीतपणा जातो तो पाण्याच्या वाफेने. ताजी फळं-भाजी पाकिटात बंद होऊनही श्वास घेत असतात. त्यांचा ऑक्सिजन पूर्ण काढला की आत दारूसारखा वास धरतो. कीड मात्र मरते, अंडी-अळ्यांसकट, पण ऑक्सिजन एक टक्क्याच्या खाली टिकून राहिला तर, आणि त्याला तापमानानुसार काही दिवस ते काही आठवडे लागतात.

आता विकणाऱ्यांकडे थेट मागणी. पुड्यांच्या प्रत्येक पिशवीवर एवढं छापा : पुडी स्वतः चालू होणारी की पदार्थाच्या ओलाव्यावर चालणारी, सीसीचा आकडा कोणत्या तापमानाला आणि किती तासांत मोजला, पुडी किती वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीच्या मालासाठी आहे, उघड्यावर जास्तीत जास्त किती मिनिटं, आवरण तेलरोधक आहे की नाही, बनवल्याची आणि संपण्याची तारीख. लॅमिनेट विकणाऱ्यांनी थरांची जाडी, ओटीआर आणि तो मोजतानाचं तापमान व आर्द्रता रोलच्या लेबलवर द्यावी, चौकशी केल्यावर आठवड्याने मेलवर नको. फिल्मच्याच थरात शोषक बसवलेला असेल, मग तो लोखंडाचा असो की अतिनील प्रकाशाने जागा होणारा पॉलिमर, तर तो कसा चालू करायचा आणि चालू झाल्यावर रोल किती वेळात वापरायचा हेही लिहा.

प्रत्येक पुडीवर ‘खाऊ नका’ हे खाणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत, चित्रासह आणि मोठ्या अक्षरात हवं. युरोपीय संघाच्या २००९ च्या ४५० क्रमांकाच्या नियमात अक्षराची उंची निदान ३ मिलिमीटर ठरवून दिली आहे. अक्षर इतकं मोठं ठेवायला काही अडचण येऊ नये. शाई अशी हवी की तेल लागून पुसली जाणार नाही. ३०० सीसीच्या पुडीत १ ग्रॅमहून जास्त लोखंड असतं. लहान पाळीव प्राण्याने पुडी फाडून खाल्ली तर ती किरकोळ गोष्ट नाही.

पॅक करणाऱ्यांनी पाकिटावर एक ओळ वाढवावी : पाकीट उघडल्यावर पुडी फेकून द्या, माल इतक्या दिवसांत संपवा. उघडलेल्या पाकिटात पुडी काही तासांत संपते, आणि लोक ती डब्यात ठेवून महिनाभर निर्धास्त राहतात. आणि पुढची ऑर्डर देताना विक्रेत्याला ‘अर्धा किलोची पुडी द्या’ असं सांगू नका. सांडलेलं पाणी, मालाचं वजन आणि त्याची घनता, पिशवीचं माप, तिचा ओटीआर, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी आणि हवी असलेली मुदत, एवढं एका कागदावर लिहून पाठवा. तो कागद वाचून जो विक्रेता उलट प्रश्न विचारेल, त्याच्याकडूनच पुड्या घ्या.

आपले,
पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या तपासणीचं काम करणारे आम्ही काहीजण